खिडकीजवळचा खिळा

आधी माफी मागतो. कोणाविषयी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे अर्ज आणि परीक्षेचा पेपर, एवढंच मला माहीत. त्यातला अर्जही मी दुसऱ्याकडून तपासून घेतो. पण डंभारे सरांविषयी कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांनी सरांची पक्कड पाहिलेली नाही. म्हणून मी धीर करतो. चुकलं तर तो दोष माझा, सरांच्या शिकवण्याचा नाही.

पक्कड म्हणजे खिळे उपटायची पक्कड. डंभारे सर वर्ध्याला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे आणि लॅबही सांभाळायचे. बाकीच्या प्राध्यापकांच्या खिशाला पेन असायचा. सरांच्या पँटच्या उजव्या खिशात लाल मुठीची पक्कड असायची. कुठंही गेले की बसायच्या आधी ते चारी भिंती पाहून घेत. एखाद्या खिळ्यावर काही टांगलेलं नसलं की उठत, पक्कड काढत आणि खिळा उपटून डाव्या खिशात टाकत.

"ज्याच्यावर काही नाई, तो भिंतीत ठेवता कायले?" सर म्हणत. "उगाच येणाऱ्या-जाणाऱ्याचा सदरा फाटते."

लॅबचे शिपाई गजाननभाऊ या पक्कडीवर फार वैतागलेले. एका जानेवारीत त्यांनी जुनं कॅलेंडर काढलं आणि नवं आणायला ऑफिसात गेले. "पाच मिनिटं गेलतो, पाच!" ते आम्हाला सांगत. "आलो तं भिंत साफ. कॅलेंडर हातात धरून उभा राहू का वर्षभर?"

सर आर्वीला मुलगी पाहायला गेले होते ती गोष्टही गजाननभाऊंचीच. "पोहे आले, मुलगी आली, अन् हे उठून मुलीच्या बापाच्या भिंतीतला खिळा उपटून राह्यले! बाप म्हणे, तुम्ही सोयरीक जोडाले आले का घर पाडाले?" गोष्ट खरी की भाऊंनी रचलेली, मला माहीत नाही. सरांचं लग्न झालेलं नव्हतं, एवढं खरं.

मी वडनेरहून आलो तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. लॅबच्या बाहेर चपला काढायच्या आणि दाराजवळच्या भिंतीवर पिशव्या टांगायच्या, असा नियम होता. तिथं खिळ्यांची एक लांब रांग होती, जितके विद्यार्थी तितके खिळे. कोणी कॉलेज सोडलं की त्याचा खिळा त्याच आठवड्यात जाई. त्या रांगेपासून दूर, खिडकीच्या चौकटीजवळ, आणखी एक खिळा होता. त्याच्यावर कधीच काही नसायचं. आणि तो मात्र जागेवर होता. मला वाटलं, सरांच्या नजरेतून सुटला असेल.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला एकेक पोस्टकार्ड दिलं. कोरं, पण पत्त्याच्या जागी सरांच्या अक्षरात सरांचाच पत्ता लिहिलेला.

"इथून गेले का हे पेटीत टाकजा. कुठं हाय, काय करता, दोन ओळी."

"सर, आम्ही तं आत्ताच आलो," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. सर हसले नाहीत.

"जातानी द्याचं म्हटलं तं राहून जाते," ते म्हणाले. "माणूस सांगून जाईनच असं नाई."

मग आम्ही मशीनसमोर बसलो. माझे हात मांडीवरच राहिले. आमच्या घरात तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता. एवढं महागाचं काही माझ्या बोटानं बिघडलं तर, अशी भीती वाटली. सर मागून आले, शेजारी स्टूल ओढून बसले आणि माझ्या उजव्या हाताचं एक बोट धरून त्यांनी ते एका बटणावर ठेवलं.

"दाब, वडनेर." सर आम्हाला गावाच्या नावानं हाक मारत. "मोडत नाई लेका. मोडलंच तं मी हाय ना."

मी दाबलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं. सर तरी उठले नाहीत. दहा अक्षरं होईपर्यंत बसून राहिले. पहिल्या दिवशी ते असे प्रत्येकाजवळ बसत. त्यात तास संपून जाई आणि शिकवायचं राहून जाई.

सरांचा खरा जीव शनिवारच्या तासात होता. तो वेळापत्रकात नव्हता आणि त्यात शिकवायचे ते अभ्यासक्रमातही नव्हतं. फंक्शनल प्रोग्रॅमिंग नावाचा प्रोग्रॅम लिहायचा एक प्रकार आहे. कुठल्याशा पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीवरून सर तो एकट्यानं शिकले होते. कॉलेजात बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आम्हाला शिकवत. सुरुवातीला आम्ही तीसजण असू. दिवाळीपर्यंत सहा उरलो. सर सहाजणांना तीस असल्यासारखं मोठ्यानं शिकवत.

एका शनिवारी त्यांनी आमचे जेवणाचे डबे टेबलावर मागवले. फळ्यावर आमच्या गावांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकाचा डबा नावाप्रमाणं मांडला. ज्यांनी आणला नव्हता त्यांच्या नावासमोर लॅबमधला एकेक मोकळा डबा ठेवला.

"ही यादी," सर म्हणाले. "इकडं नाव, तिकडं डबा. डब्यात काही असंन, नाईतर नसंन. बंद डबा पाहून समजते का? नाई समजत. मंग आपुन काय करतो? आधी वाजवून पाहतो. हाय का नाई, ते आधी पाहा." हे सरांचं पालुपद होतं. फोन उचलला तरी हॅलोच्या जागी ते कधी कधी "हाय का नाई" म्हणत.

"आता मले पंगत बसवाची हाय. रिकामे डबे पंगतीत कायले? गाळून टाका." सरांनी मोकळे डबे बाजूला केले. "झालं? नाई झालं. जे राह्यले ते उघडा. पोळी-भाजी बाहेर काढा. नव्या यादीत नावासमोर डबा नाई, सरळ जेवण पाह्यजे. म्हणजे पुढच्या माणसाले दर डबा वाजवाची पाळी येत नाई. त्यानं फक्त जेवाचं."

फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर त्यांनी नवी यादी लिहिली. जुनी पुसायला आमच्यातला एकजण डस्टर घेऊन उठला, तर सर केवढ्यानं ओरडले. "जुनीले हात लावाचा नाई! आपल्या या पद्धतीत जुनं पुसतच नाई. नवी यादी नवी. जुनी जशीच्या तशी राह्यते, रिकाम्या नावांसकट."

मग सर डबे उघडायला लागले. माझा उघडू नये असं मला वाटत होतं. त्यात ज्वारीची भाकर आणि कांदा होता, भाजी नव्हती. सरांनी झाकण काढलं तसा मी म्हणालो, "सर, माझा रिकामाच धरा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हे रिकामं हाय?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. "भाजी नाई, एवढंच. रिकामं वेगळं अन् शून्य वेगळं. हे ज्याले समजलं त्याले अर्धा विषय समजला." मग आमच्या चौघांच्या डब्यांतून त्यांनी डबा न आणलेल्या दोघांनाही जेवू घातलं, आणि माझ्या भाकरीसाठी दोघं भांडले.

त्या दिवशी आपल्याला विषय समजला असं मला वाटलं होतं. पण महिन्याभरातच मी तीच चूक केली. सरांनी एक काम दिलं होतं. वर्गाच्या चाचणीची यादी: नावासमोर गुण, जो आलाच नाही त्याच्यासमोर रिकामं. रिकामे गाळून निकालाची यादी काढायची. मी 'ज्याच्यासमोर काही नाही तो गाळ' असं लिहिलं. ते लिहिताना माझ्या हातून असं झालं की मशीननं शून्यालाही काही नाही असंच धरलं. बेचाळीस नावं यायला हवी होती, एकेचाळीस आली. मला पत्ताही नव्हता. मी कागद आनंदानं सरांपुढे धरला.

सरांनी तो बोटानं ओळीओळीनं तपासला. एका जागी बोट थांबलं.

"याले काऊन हाकललं?"

"सर, त्याला शून्य..."

"शून्य हाय, म्हणजे तो आलता ना? बसलता ना तीन तास? पेपर दिला ना त्यानं?" सरांचा आवाज चढत गेला. ते कधीच रागावत नसत, म्हणून मी घाबरलो. "आलेल्या माणसाले तू आलाच नाई म्हणून राह्यला! समजते का तुले?"

त्यांनी चष्मा काढला, परत घातला आणि बाहेर निघून गेले. ते नाव खऱ्या विद्यार्थ्याचं नव्हतं, सरावासाठी सरांनीच टाकलेलं होतं. एका खोट्या नावासाठी एवढं कोणी रागावतं का, मला कळेना.

दर वर्षी संमेलनाच्या आठवड्यात सर लॅबच्या दारावर एक लांब कागद लावत. करकरणाऱ्या प्रिंटरवर काढलेला, दोन्ही कडांना भोकं असलेला. त्यात जुन्या विद्यार्थ्यांची नावं आणि समोर कोण कुठं आहे ते. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी गावातच शेती पाहतो. ज्यांचं कार्ड आलं नाही त्यांची नावं अर्थातच गाळलेली. तो कागद लावताना सर फार खुशीत असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत, "हा पाहा, हिंगणघाटचा. सहा महिने मशीनले 'अहो' म्हणे. आता दुसऱ्याले शिकवते." आणि सगळे निघून गेले की एकटेच कागदासमोर उभे राहून वरपासून खालपर्यंत वाचत. तेव्हा मात्र खुशी दिसत नसे. काहीतरी शोधल्यासारखं वाचत.

शेवटच्या वर्षी, असाच कागद लावायच्या सकाळी, सर यायच्या आधी मी लॅब झाडून ठेवत होतो. सरांची पक्कड आदल्या संध्याकाळी टेबलावरच राहिली होती. खिडकीजवळचा तो खिळा मला दिसला. सरांना बरं वाटेल, एवढाच विचार माझ्या मनात होता. मी तो उपटला. खिळा खोल होता, दोनदा जोर लावावा लागला. थोडा वाकून निघाला.

सर आले. मी खिळा तळहातावर ठेवून पुढे केला. "सर, हा राहिला होता."

सरांनी खिळा पाहिला. खिडकीपाशी गेले. भिंतीला भोक पडलं होतं, त्यात त्यांनी बोट घातलं. मग तिथंच खाली बसले, फरशीवर. दारात गजाननभाऊ होते. ते म्हणाले, "अरे बाप्पा, काय केलं बे हे!" आणि हळूच दार ओढून निघून गेले.

मग सरांनी सांगितलं. माझ्या सात-आठ वर्षं आधी, लॅब नवीन होती तेव्हाची गोष्ट. कारंजाकडच्या एका गावाहून सुखदेव मडावी नावाचा मुलगा आला होता. घरातून पहिलाच. तो खिळा त्याचा. पहिल्या चाचणीला तो तीन तास मशीनसमोर बसला आणि एकही बटण दाबलं नाही. शून्य मिळालं. निकालाची यादी सरांनी स्वतःच्या प्रोग्रॅमनं काढून दारावर लावली आणि त्यांच्या प्रोग्रॅमनं तेच केलं जे माझ्या प्रोग्रॅमनं केलं होतं. चूक त्यांना दोन दिवसांनी दिसली. धावत हॉस्टेलवर गेले. मडावीची खोली मोकळी होती.

"त्यानं यादी पाह्यली असंन," सर म्हणाले. "आपलं नावच नाई. नापास बी नाई, नावच नाई. मी तीन तास बसलो अन् या मास्तरनं मले धरलंच नाई... हिंमत करून आलता रे तो. मी त्याच्याजवळ एक दिवस बसलो असतो तं त्यानं बटण दाबलं असतं."

सर त्याच्या गावी गेले होते. तो तिथं नव्हता, आईवडीलही कामासाठी दुसरीकडे गेले होते, कुठं ते कोणाला सांगता आलं नाही. त्यानंतर सर पहिल्याच दिवशी पोस्टकार्ड द्यायला लागले. पहिल्याच दिवशी प्रत्येकाजवळ बसायला लागले.

"दर वर्षी हा कागद काढतो तेव्हा त्याचं नाव गाळल्या जाते. गाळलंच पाह्यजे, नियम हाय. पण जुन्या यादीत तो हाय अजून. नाव हाय, समोर रिकामं." सरांनी माझ्या हातातला खिळा घेतला. "प्रोग्रॅमात जुनी यादी तशीच राह्यते, वडनेर. भिंतीत नाई राहत."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुले काय ठाऊक? मीच शिकवलं ना तुले." मग त्यांनी खिळा फरशीवर ठेवून पक्कडीच्या पाठीनं ठोकून सरळ केला आणि त्याच भोकात बसवला. भोक मोठं झालं होतं, म्हणून प्रिंटरच्या कागदाची एक घडी आत कोंबली. खिळा बसला, पण जरा हलत होता.

मला काही सुचेना. घरी आई म्हणाली, केळझरच्या गणपतीला जाऊन ये. मी गेलो आणि आलो. मग हॉस्टेलात कारंजाकडचं कोण कोण आहे ते विचारत फिरलो. पहिल्या वर्षाला पंकज उईके नावाचा मुलगा होता.

"मडावी?" तो हसला. "दादा, आमच्या गावात 'मडावी' म्हणून हाक मारली तं अर्धं गाव 'ओ' देते."

"सुखदेव. वर्ध्याले कॉलेजात होता. मधातच सोडलं."

उईके खाटेवर उठून बसला. "तो तं आमच्याकडचा लाइनमन! लाइन गेली का आमी त्यालेच शिव्या देतो. तो म्हणते, मी वर्ध्याले कॉम्प्युटर शिकलो. आमाले वाटे, फेकून राह्यला."

माझ्या पेटीत पहिल्या दिवशीचं पोस्टकार्ड होतं. सरांच्या अक्षरात सरांचा पत्ता लिहिलेलं. मी ते उईकेला दिलं. सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, "लिहायला काही जमलं नाही तर नुसती सही करून टाका म्हणावं." उईके शनिवारी गावी गेला. सरांना मी काही सांगितलं नाही. डबा उघडायच्या आधी आत काही आहे म्हणून सांगायची माझी हिंमत नव्हती.

अकरा दिवसांनी, दुपारच्या तासाला, गजाननभाऊ टपाल घेऊन आले. सरांनी कार्ड हातात घेतलं, पत्त्याची बाजू पाहिली. स्वतःचं अक्षर पाहून त्यांना वाटलं कोणा जुन्याचं नेहमीसारखं आलं असेल. उलटं केलं. खालची सही पाहिली. मग ते माझ्यापुढे धरलं.

"वाच बरं, वडनेर. मले चष्म्याबिगर दिसत नाई."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. मी मोठ्यानं वाचलं.

"आदरणीय सर, नमस्कार. मी सुखदेव मडावी. यादीचं उईके सांगत होता. सर, ती यादी मी पाहिलीच नाही. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी गावाकडून निरोप आला, लाइनमनच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं आहे, ताबडतोब निघ. तुम्हाला सांगायला लॅबवर आलो होतो, कुलूप होतं. पिशवी आदल्या दिवशीच नेली होती. मला शून्यच असेल हे माहीत होतं. मशीन मोडेल म्हणून हात लावला नाही. आता रोज विजेच्या खांबावर चढतो, पण तुमच्या मशीनची भीती अजून गेली नाही. बायको आहे, दोन मुली आहेत, सगळं बरं आहे. पत्र लिहावं असं पुष्कळदा वाटलं, पण सरांना मी आठवत असेन का, असं वाटून राहून गेलं. जागा संपत आली. सर, मी उशिरा आलो होतो आणि दाराजवळ जागा उरली नव्हती, म्हणून तुम्ही माझ्यासाठी खिडकीजवळ वेगळा खिळा ठोकून दिला होता. त्याच्यावर आता कोणाची पिशवी असते?"